स्टार मोजतात ते वेगळेच

“फाइव्ह स्टार लेओ अम्मा, बिल आधा हो जाता!” हैदराबादच्या ट्रूप बाजारातल्या गीझरच्या एका दुकानात या आठवड्यात हे ऐकले आणि चीड आली. थंडी पडली की दरवर्षी हीच थाप.

15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 0.7 युनिट लागते. गीझर एक स्टारचा असो वा पाचचा, त्यात फरक पडत नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोचे स्टार सांगतात ते इतकेच की, गीझर चालू ठेवला तर 24 तासांत टाकीतून किती उष्णता वाया जाते. अंघोळीआधी वीस मिनिटे लावून बंद करणाऱ्या घरात स्टारमुळे निम्मे बिल कुठून वाचणार?

उष्णता साठवण्याची खरी किंमत ब्रिटनमध्ये कळते. तिथे 1978 साली ‘इकॉनॉमी 7’ दर आला: रात्रीचे सात तास वीज स्वस्त. तेवढ्या वेळात स्टोरेज हीटरमधल्या जड विटा तापवायच्या आणि दिवसभर खोली उबदार ठेवायची. नव्या हीटरांत इन्सुलेशन उत्तम असते, पंखा असतो आणि आज किती तापवायचे हे यंत्रच ठरवते. म्हणजे आधी दर आला, म्हणून साठवण परवडली. हैदराबादच्या घरगुती बिलात पहाटे तीनचे युनिट आणि सकाळी आठचे युनिट एकाच भावाचे. भाव चढतो तो वापराच्या टप्प्याने. रात्रभर गीझर चालू ठेवणारे, तेलंगणाच्या गृहज्योती योजनेतले कुटुंब महिन्याला 200 युनिटांच्या वर गेले, की शून्य बिलही हातचे जाते.



केंद्राच्या 2023च्या नियमांनी घरगुती ग्राहकांनाही वेळेनुसार दर द्यायला सांगितले, 1 एप्रिल 2025ची मुदत घातली. महाराष्ट्रात स्मार्ट मीटरच्या घरांना दिवसा सवलत सुरूही झाली. तेलंगणातही दुपारची सौर वीज घरांना स्वस्तात मिळाली पाहिजे. मग दुपारी तापवलेले पाणी रात्रीच्या अंघोळीपर्यंत गरम ठेवणारी पाच स्टारची टाकी घ्या, असे मीच सांगेन.