निरपराध कोणीच नाही?

दहावीच्या वर्गात एका मुलाने विचारले, "सर, दहशतवाद आपल्यामुळे सुरू झाला का?" प्रश्नापेक्षा त्यातला 'आपल्यामुळे' मला जास्त झोंबला.

बेटा, आधी इतिहास ऐक. १७९३-९४ मध्ये फ्रान्सच्या क्रांतिकारी सरकारनेच दहशतीला राज्यकारभाराचे हत्यार बनवले. १८८१ मध्ये रशियन क्रांतिकारकांनी झार दुसऱ्या अलेक्झांडरला बॉम्बने मारले. त्यांना जुलमी राजवट उलथायची होती. १८९४ मध्ये एमिल आंरी या अराजकवाद्याने पॅरिसच्या कॅफेत बॉम्ब फेकला. तिथे राजा नव्हता, साधी गिऱ्हाइके होती. न्यायालयात त्याचा दावा असा की, भांडवलदार वर्गात निरपराध कोणी नसतोच.

पुढे कारणे बदलत गेली. १९४६ मध्ये ज्यू राष्ट्रासाठी इर्गुनने जेरुसलेमचे किंग डेव्हिड हॉटेल उडवले. ९१ माणसे मेली. त्यांत अरब, ब्रिटिश होते, तसे ज्यूही. स्वतंत्र तमिळ ईलमसाठी लढणाऱ्या एलटीटीईने १९९१ मध्ये राजीव गांधींची हत्या केली. १९९५ मध्ये टोकियोच्या मेट्रोत विषारी वायू सोडला तो एका पंथाने. २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ नमाजी मारले गेले ते वंशद्वेषातून.

म्हणून आपण सुटलो का? मुळीच नाही. २६/११ ला लष्कर-ए-तय्यबाच्या दहा जणांनी मुंबईत १६६ जणांचे प्राण घेतले, तेही धर्माचे नाव घेऊन. मृतांत मुसलमानही होते. "त्यांचा इस्लामशी संबंध नाही" असे म्हणून हात झटकणे मला पटत नाही. इ.स. ६६१ मध्ये कुफ्याच्या मशिदीत हजरत अली (रजि.) यांच्यावर वार करणारा खारिजी स्वतःला पक्का मुसलमानच समजत होता. हा रोग आपल्या घरातही जुना आहे. "अन्याय झाला म्हणून" ही सबबही नको. अन्याय खरा असेल, पण सीएसटीवर गाडीची वाट पाहणाऱ्याने तो केलेला नसतो.

कारण कोणतेही असो, बाजारात, गाडीत, मशिदीत बॉम्ब ठेवणाऱ्याच्या मनात आंरीचेच वाक्य असते: त्यांच्यात निरपराध कोणी नाही. आणि दहा जणांच्या गुन्ह्याचा हिशेब पंधरा वर्षांच्या पोराकडे मागणाराही तेच वाक्य बोलतो. त्याच्या हाती बॉम्ब नसतो, एवढाच फरक.

त्या मुलाला मी सांगितले, तू जबाबदार आहेस तुझ्या कृत्यांना. पण आपल्या मोहल्ल्यात कोणी हे वाक्य बोलला, तर गप्प बसू नकोस. त्या गप्प बसण्याला मात्र तूच जबाबदार असशील. मीही.