घरचे विमान आणि तपासणारी नजर

शिरूर तालुक्यातील न्हावरे हे गाव साखर कारखान्यामुळे जिल्ह्याला ठाऊक झाले. त्याच तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहतही आहे. उसाच्या ट्रेलरचे सांधे जोडणारा, लेथवर आस कातणारा, फायबरची टाकी दुरुस्त करणारा कारागीर या भागात दुर्मिळ नाही. अशा एखाद्या हाताने उद्या विमान घडविण्याचे मनावर घेतले, तर त्याला अडवावयाचे की वाट दाखवावयाची, हा प्रश्न आता केवळ कल्पनेतील राहिलेला नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथे एका तरुण वेल्डरने स्वतः बनविलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना प्राण गमावले. मागील पंख्याचे पाते तुटून मुख्य पंख्यावर आदळले आणि तोच पंखा त्याच्या डोक्यावर बसला. हळहळ पुष्कळ व्यक्त झाली. परंतु चाचणीपूर्वी ते पाते दाखवावयास त्याने कोणाकडे जावयाचे होते, हे कोणी विचारल्याचे आढळले नाही.

दुसरे उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचे. कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभे केले आणि २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले. नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली. उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाली. दरम्यान, २०१८ मध्ये राज्य शासनाने सुमारे पस्तीस हजार कोटी रुपयांचा सामंजस्य करारही करून टाकला! व्यवसायाने वैमानिक असलेल्या, कागदपत्रांची भाषा जाणणाऱ्या गृहस्थाला जिथे एवढा काळ लागतो, तिथे खेड्यातील कारागीर दाराशी तरी पोचेल काय?

घरगुती विमानबांधणीला खरी चालना दिली ती संमिश्र द्रव्याने. अमेरिकेत बर्ट रुटान यांनी १९७५ च्या सुमारास फोमचा गाभा, त्यावर काचतंतूंचे कापड आणि इपॉक्सी राळ, अशी पद्धत हौशी मंडळींच्या हाती दिली. त्यांच्याच 'लाँग-ईझी'च्या धर्तीवर बंगलोरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने एक हलके विमान बांधून १९८७ मध्ये उडविले. म्हणजे ही विद्या देशाला परकी नाही.

मात्र ती दिसते तितकी सोपीही नाही. टाक्या करणारा कारागीर सवयीने पॉलिस्टर राळ वापरतो. ती पॉलिस्टायरीन फोमवर ओतली की फोमच विरघळतो. पेट्रोलही तेच करते. इपॉक्सीत राळ व कठिणकारक यांचे प्रमाण चुकले, तर पंख वरून तुकतुकीत दिसूनही आतून कच्चा राहतो. साध्या तापमानाला घट्ट झालेली राळ फार तापली की मऊ पडते, म्हणून अशी विमाने पांढरी रंगवितात. चैत्र-वैशाखातील शिरूरच्या उन्हात गडद रंगाचा पंख किती तापेल, हे पत्र्याच्या छपराखाली वर्ग घेणाऱ्या शिक्षकांना सांगावयास नको. धातूला पडलेली चीर बहुधा डोळ्यांना दिसते. काचतंतूंचे थर आदळआपटीनंतर आतल्या आत सुटतात आणि वरचा रंग अभंग राहतो. नाण्याने टकटक करावी, बोदा आवाज आला तर तो भाग तपासावा, ही जुनी रीत अजूनही उपयोगी आहे. पण बोदा आवाज ओळखणारा कान तयार व्हावा लागतो.

अमेरिकेत अर्ध्याहून अधिक काम बांधणाऱ्याने स्वतः केलेले असावे, पहिली पंचवीस ते चाळीस तासांची उड्डाणे ठरलेल्या क्षेत्रातच व्हावीत, पुढे दरवर्षी विमानाची तपासणी व्हावी, असे नियम आहेत. तथापि नियमांहून मोलाची गोष्ट निराळीच आहे. १९५३ साली स्थापन झालेल्या तेथील हौशी विमानकारांच्या संघटनेचे अनुभवी सभासद पंख बंद होण्यापूर्वीच घरी येऊन काम पाहतात. पंख एकदा बंद झाला की आतील चूक शोधणे कोणत्याही सरकारी निरीक्षकाला कठीणच.

आपल्याकडे परवान्याची खिडकी आहे. हा येणारा माणूस नाही. तो पुण्यात मिळू शकतो. हडपसरच्या ग्लायडिंग केंद्राला हलक्या विमानांची जुनी ओळख आहे, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत काचतंतू व इपॉक्सी हाताळणारे प्राध्यापक आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने अशा मंडळींना बांधणीच्या मधल्या टप्प्यांवर तपासणीचा अधिकार दिला, तर खर्च फारसा नाही. नाही तर फुलसावंगीसारखी यंत्रे कोणाला न दाखविताच सुरू होत राहतील.