खाऱ्या पाण्याच्या टाकीत वाळूचा थर किती असावा?

काचेच्या टाकीत समुद्रातील मासे ठेवावयाचे ठरले, म्हणजे बहुतेकांचे लक्ष प्रथम माशांच्या रंगांकडे, मग दिव्यांकडे आणि सर्वांत शेवटी तळच्या वाळूकडे जाते. वाळू ही केवळ शोभेची वस्तू; ती दोन बोटे असली काय किंवा वीतभर असली काय, सारखेच, अशी समजूत पुष्कळांची असते. ही समजूत बरोबर नाही. वाळूच्या थराची जाडी ठरविणे म्हणजे त्या टाकीत कोणत्या सूक्ष्मजंतूंना आसरा द्यावयाचा हे ठरविणे होय. आणि माशांचे जगणे-मरणे बव्हंशी या सूक्ष्मजंतूंच्याच हाती असते.

भिलाईतील खुर्सीपारसारख्या वस्तीत एखाद्या शाळेने अशी टाकी ठेवण्याचे मनात आणल्यास हा प्रश्न अधिकच बिकट होतो. १९५१ साली उघडलेल्या मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या दाराशी समुद्र होता. खुर्सीपारपासून कोणताही समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तेथे खाऱ्या पाण्याचा प्रत्येक लिटर विकतच्या मिठाच्या मिश्रणापासून तयार करावा लागणार. गमतीची गोष्ट अशी की, हा सारा प्रदेशच एके काळी समुद्राचा तळ होता. भिलाईच्या पोलाद कारखान्यास चुनखडक पुरविणाऱ्या नंदिनीच्या खाणी याच जिल्ह्यातल्या. तो खडक शंभर कोटी वर्षांहूनही पूर्वीच्या उथळ समुद्रात साचला. छत्तीसगडच्या चुनखडकांत सूक्ष्मजीवांच्या पापुद्र्यांवर पापुद्रे चढून बनलेल्या आकृती आजही पाहावयास मिळतात. तळाशी सूक्ष्मजीव थराथरांनी नांदतात, याचा याहून जवळचा दाखला कोणता?

टाकीतील वाळूतही असेच थर पडतात. मासे अमोनिया उत्सर्जित करतात. उरलेले अन्न कुजूनही अमोनियाच बनतो. हा माशांना विषारी आहे. वाळूच्या वरच्या, प्राणवायू मिळणाऱ्या थरातील सूक्ष्मजंतू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अशा सूक्ष्मजंतूंचे अस्तित्व रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्रादस्की यांनी १८९० च्या सुमारास सिद्ध केले. नायट्रेट पुष्कळच निरुपद्रवी असले, तरी ते पाण्यात साठत जाते. जेथे प्राणवायू पोहोचत नाही, अशा खालच्या थरात दुसऱ्या जातीचे सूक्ष्मजंतू असतात. ते नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात आणि नायट्रोजन वायुरूपाने मोकळा होऊन हवेत जातो. जाड थराचे पुरस्कर्ते याच क्रियेवर भिस्त ठेवतात.

या मताला आधार नाही असे नव्हे. जकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ साली आपल्या टाक्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत समुद्रातून आणलेले सजीव खडक व हवेचे बुडबुडे एवढ्यावरच प्राणी जगत. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ झोबेर यांनी वाळूच्या जाड थराखाली पाण्याची पोकळी ठेवण्याची पद्धत प्रचारात आणली. दहा ते पंधरा सेंटिमीटर वाळू घालून, पाणी फारसे न बदलता वर्षानुवर्षे टाक्या चालविणारे लोक आहेत. मग समुद्रापासून दूर असलेल्या शाळेने हाच मार्ग का धरू नये? पाणी बदलण्याचा खर्च तरी वाचेल, असा युक्तिवाद साहजिकच पुढे येतो.

हा युक्तिवाद हिशेबाने तपासून पाहावा. नव्वद सेंटिमीटर लांब, पंचेचाळीस रुंद व पंचेचाळीस उंच अशी टाकी घेतली, तर तीन सेंटिमीटरच्या थरास सुमारे १२ लिटर वाळू लागते. बारा सेंटिमीटरच्या थरास सुमारे ४९ लिटर. म्हणजे चौपट वाळू, तिचे तितकेच ओझे आणि टाकीच्या उंचीचा चौथा हिस्सा माशांना पारखा. उलट, दर पंधरवड्यास १५ लिटर पाणी बदलावयाचे झाल्यास, समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात हे लक्षात घेता, अर्धा किलोच्या आसपास मीठ लागते. वर्षाकाठी हे मीठ चौदा किलोंच्या घरात जाईल. एवढ्याशा बचतीसाठी टाकीत मोठी जोखीम घेणे शहाणपणाचे नाही.

जोखीम ती कोणती? जाड थर निरोगी राहावयाचा तर त्यात बारीक कृमी व इतर लहान जीव सतत वावरत असावे लागतात. तेच वाळू पोखरून मोकळी ठेवतात. त्यांची संख्या घटली, की किनाऱ्यावरचा माणूस नवी सजीव वाळू मिळवू शकतो. खुर्सीपारला ती सहज मिळणार नाही. मग थर घट्ट होतो, त्यात मळ अडकतो आणि तिसऱ्या प्रकारच्या सूक्ष्मजंतूंचे फावते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. प्राणवायू व नायट्रेट दोन्ही संपले म्हणजे हे जंतू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवितात. कुजक्या अंड्यांसारख्या वासाचा हा वायू अत्यंत विषारी आहे. तळ ढवळला गेला, तर तो एकाएकी वरच्या पाण्यात मिसळू शकतो.

त्यात छत्तीसगडचा उन्हाळा. पाणी जितके तापते, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना सुमारे ६.२. सूक्ष्मजंतूंची भूक मात्र उष्णतेबरोबर वाढते. मे महिन्यात शाळा बंद, वीज गेलेली आणि टाकीकडे पाहावयास कोणी नाही, अशा वेळी वीतभर वाळूतील असंख्य जीव माशांच्या वाट्याचा प्राणवायू शोषून घेतात.

म्हणून शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या टाकीस दोन ते तीन सेंटिमीटरचा पातळ थर हाच योग्य होय. याचेही तोटे आहेत व ते लपविण्याचे कारण नाही. नायट्रेट आपोआप नाहीसे होणार नाही. पाणी नेमाने बदलावे लागेल. वाळूत शिरून झोपणारे मासे अशा टाकीत ठेवू नयेत आणि एकंदर मासेही थोडेच असावेत. परंतु पातळ थरातील मळ डोळ्यांना दिसतो आणि नळीने ओढून काढता येतो. पाच-सहा सेंटिमीटरचा मधला मार्ग सोयीचा वाटला, तरी तो टाळावा. नायट्रेटच्या विघटनाचा भरवसा देण्याइतका तो जाड नसतो, आणि सहज स्वच्छ करता येण्याइतका पातळही नसतो.

आणखी एक गोष्ट. टाकी नैसर्गिक दिसावी म्हणून कोणी किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ आणण्याचा विचार करील. खडक उभारणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे कडक संरक्षण आहे. मालवणच्या सागरी अभयारण्यातील प्रवाळांची जागा मालवणच्या समुद्रातच आहे. शाळेच्या टाकीत ते नसल्याने शिक्षणात काहीही उणे पडत नाही.

दर पंधरवड्यास विद्यार्थ्यांनी पाण्यातील नायट्रेट मोजावे, आकडा वहीत टिपावा, पाणी बदलावे व पुन्हा मोजावे. जाड थर हे काम दृष्टीआड करतो. पातळ थर ते मुलांच्या हाती देतो. जी टाकी मुलांना शिकविण्यासाठी ठेवावयाची, तिच्यातील काम मुलांच्या नजरेसमोर व्हावे हेच बरे.