खुणेचे शब्द आणि बिनखुणेचे शब्द

“दोरी किती लांब आहे?” असें आपण विचारतों, तेव्हां दोरी लांबच असेल असा आपला आग्रह नसतो, केवळ माप हवें असतें. उलट “दोरी किती आखूड आहे?” असें कोणीं विचारलें, तर दोरी पुरली नाहीं ही गोष्ट विचारणारानें आधींच गृहीत धरलेली असते. मापांचीं नांवेंही याच वळणाचीं आहेत. लांबी, रुंदी, उंची, जाडी हीं मापें झालीं. आखूडपणा, अरुंदपणा, ठेंगणेपणा यांस माप कोणी म्हणत नाहीं, तीं वैगुण्यें समजलीं जातात. म्हणजे जोडींतील एक शब्द दुहेरी काम करितो. तो आपला अर्थ तर सांगतोच, पण प्रसंगीं सबंध जोडीच्या वतीनेंही उभा राहतो. दुसरा शब्द आपल्यापुरताच बोलतो. भाषाशास्त्रांत पहिल्यास ‘अचिन्हित’ व दुसऱ्यास ‘चिन्हित’ म्हणतात. घरगुती मराठींत बिनखुणेचा आणि खुणेचा म्हटलें तरी चालेल.

ही कल्पना मांडिली ती प्राग येथें १९२६ सालीं स्थापन झालेल्या भाषामंडळांतील दोघां रशियन पंडितांनीं. निकोलाय त्रुबेत्स्कॉय आणि रोमान याकोबसन यांच्या १९३० सालच्या पत्रव्यवहारांत तिचा उगम सांपडतो. त्रुबेत्स्कॉय यांनीं ती ध्वनींस लाविली. त्यांचा ध्वनिविचारावरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९३९ सालीं निघाला. याकोबसन यांनीं १९३२ सालीं ती व्याकरणास लाविली, आणि दाखला दिला तो गाढवाचा! ‘गाढवीण’ या अर्थाचा रशियन शब्द उच्चारला कीं मादी निश्चित झाली. ‘गाढव’ या अर्थाच्या शब्दानें मात्र नर निश्चित होत नाहीं. येथें एक बारकावा ध्यानांत घ्यावा. खुणेचा शब्द एक गोष्ट सांगतो; बिनखुणेचा शब्द तिचा निषेध करीत नाहीं, तो तिच्याविषयीं मौन धरितो.

ज्यांच्या घरीं संस्कृताचा परिपाठ आहे, त्यांस हा विचार परका वाटूं नये. क, ख, ग, घ या चौघांत ‘क’ सर्वांत साधा. ‘ख’मध्यें महाप्राणाची भर पडली, ‘ग’मध्यें घोषाची, ‘घ’मध्यें दोहोंची. आतां वाक्याच्या शेवटीं काय घडतें तें पाहा. ‘ककुभ्’चें ‘ककुप्’ होतें, ‘सुहृद्’चें ‘सुहृत्’ होतें. घोष विकल्पानें टिकूं शकतो, महाप्राण मात्र मुळींच टिकत नाहीं. भेद जेथें मिटतो तेथें साधा वर्ण उरतो; बिनखुणेचा वर्ण ओळखण्याची त्रुबेत्स्कॉय यांची कसोटी हीच आहे. शब्दांच्या बाबतींत पाणिनीचा एकशेष सर्वांस ठाऊक आहे. भाऊ-बहीण मिळून ‘भ्रातरौ’, मुलगा-मुलगी मिळून ‘पुत्रौ’ आणि विकल्पानें आई-वडील मिळून ‘पितरौ’, सासू-सासरे मिळून ‘श्वशुरौ’. दोहोंपैकीं एक शब्द शिल्लक राहतो व दुसऱ्याचा अर्थ पोटांत घेतो. आणि या चारही ठिकाणीं शिल्लक राहणारा शब्द पुरुषवाचक आहे.

मराठीनें येथें बरीचशी निराळी वाट धरिली. मुलगा आणि मुलगी या दोघांस कवेंत घेणारा आपला शब्द ‘मूल’, आणि तो नपुंसकलिंगी आहे. भाऊ-बहिणी मिळून ‘भावंडें’, स्त्रीपुरुष मिळून ‘माणसें’. “राजा आणि राणी आलीं” या वाक्यांत क्रियापदानें राजाचेंही लिंग घेतलें नाहीं आणि राणीचेंही नाहीं. आमच्या जालना जिल्ह्यांत, किंबहुना साऱ्या मराठवाड्यांत, ‘लेंकरूं’ हा शब्द पदोपदीं कानीं पडतो. “लेंकरूं शाळेंत गेलें” एवढ्यावरून मुलगा कीं मुलगी हें कळत नाहीं, व बोलणारासही तें सांगण्याची निकड नसते. अर्थात् ही समदृष्टि सर्वत्र आढळते असें नाहीं. ‘आईबाप’ या समासांत आई आधीं येते, तरी आपण “आईबाप आले” असेंच म्हणतों.

मग बिनखुणेचें स्थान कोणास मिळतें? याचें उत्तर गोठ्यांत सांपडतें. “शेळ्या चरावयास गेल्या” असें म्हटलें तरी कळपांत एखादा बोकड असतोच. “अंगणांत कोंबड्या फिरत आहेत” यांत कोंबडाही येऊन जातो. येथें स्त्रीवाचक शब्द बिनखुणेचा झाला, कारण दूध आणि अंडीं यांसाठीं माणूस मादी पाळतो व संख्या तिचीच अधिक असते. गाय आणि बैल यांची गोष्ट वेगळी. शेतकऱ्यास दोघांचीही गरज. एकाचें नांव दुसऱ्यास चालत नाहीं, आणि दोघांस मिळून ‘गुरें’ हा नपुंसकलिंगी शब्द योजावा लागतो. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनीं १९६६ सालीं अनेक भाषा ताडून दाखविलें कीं, बिनखुणेचें रूप सामान्यतः अधिक वेळां वापरांत येतें. तात्पर्य, बिनखुणेपणा हा श्रेष्ठतेचा दाखला नव्हे, परिपाठाचा दाखला आहे. आणि परिपाठ पालटूं शकतो.

हें ध्यानांत ठेवून आपल्या बैठकींतील बोलणें ऐकावें. आनंदीबाई जोशी १८८६ सालीं डॉक्टर झाल्या, तरी ‘लेडी डॉक्टर’ हा शब्द अद्याप आपल्या तोंडीं आहे. १९९३ सालीं अमलांत आलेल्या घटनादुरुस्तीनें पंचायतींत स्त्रियांस राखीव जागा मिळाल्या, आणि महाराष्ट्रानें २०११ सालीं त्या निम्म्यापर्यंत नेल्या. असें असूनही ‘महिला सरपंच’ म्हणतात. ‘पुरुष सरपंच’ कोणी म्हणत नाहीं. खूण कोणास लागते यावरून आपण कोणास गृहीत धरतों हें उघड होतें.

याहून जवळचें उदाहरण घरांतलेंच आहे. मुलगी शिकली, कमावूं लागली, आईवडिलांस सांभाळूं लागली, म्हणजे वडील मोठ्या कौतुकानें म्हणतात, “ही माझी मुलगी नव्हे, मुलगाच आहे!” हेतु निर्मळ, शब्द प्रेमाचे, परंतु त्यांतील हिशेब पाहावा. कर्तृत्वाचें माप मुलगा, आणि मुलगी त्या मापास उतरली एवढेंच तिचें भाग्य. मुलानें आजारी आईची रात्रंदिवस शुश्रूषा केली, तर “हा माझा मुलगा नव्हे, मुलगीच आहे” असें अभिमानानें सांगणारा बाप विरळा. कायद्याचीही भाषा याच वळणाची आहे. महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि संसदेनें २००५ सालीं एकत्र हिंदु कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस जन्मतः हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं त्याविषयींचा संशय दूर केला. पण हक्क कसा दिला? मुलास जसा मिळतो तसा. हक्क पूर्ण मिळाला, तरी मापाची काठी मुलाचीच राहिली.

यासाठीं नवे शब्द पाडण्याची आवश्यकता मला वाटत नाहीं. संस्कृतांत ‘अपत्य’ हा शब्द नपुंसकलिंगीच आहे, आणि ‘मूल’, ‘भावंड’, ‘लेंकरूं’ हीं नाणीं आपल्या घरांत चलनांत आहेतच. ज्या घरांत वंशावळ केवळ पुत्रांच्या नांवांनीं पुढें नेण्याची चाल आहे, तेथें पुढील प्रत लिहितांना प्रत्येक अपत्य आपल्या नांवानें नोंदावें. मुलीची स्तुति करावयाची ती ती मुलगी आहे म्हणूनच करावी. वाचक-भगिनींस विनंति एवढीच कीं, आपापल्या भागांत मुलगा-मुलगी दोघांस लागूं पडणारे असे आणखी कोणते शब्द बोलण्यांत आहेत, तें वडीलधाऱ्यांस विचारून अवश्य कळवावें. जुन्या माणसांच्या तोंडचे हे शब्द टिपून ठेविले पाहिजेत.