बोट जागेवर, अक्षर भलतंच

विम या मजकूर-संपादकात मराठी लिहिणाऱ्याची अडचण एस्केप दाबल्यावर, म्हणजे कळा अक्षरांऐवजी आज्ञा झाल्यावर, सुरू होते. परिच्छेद झाला, ओळभर खाली जायला सवयीने जे ही कळ दाबली, तर कर्सर ढिम्म. कळफलक अजून इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीवर आहे, त्यामुळे विमला जे मिळालाच नाही, र मिळाला. कर्सर हलवणाऱ्या एच, जे, के, एल या कळांवर आपले प, र, क, त बसतात आणि आज्ञा म्हणून त्यांना काही अर्थ नाही. मग भाषा बदला, खाली जा, पुन्हा भाषा बदला. लिहिण्याची लय इथेच तुटते.

इनस्क्रिप्ट ज्यात आहे ते भारतीय मानक १९९१ चं, आणि विमही त्याच वर्षी बाहेर आलं. दोघांची गाठ मात्र अजून आपल्यालाच घालावी लागते.

एक उपाय लँगमॅप. र म्हणजे जे, क म्हणजे के अशा जोड्या सेटिंगच्या फाइलीत लिहायच्या. विमच्या मदतपुस्तिकेत याचं उदाहरण ग्रीकचं आहे. तिथे एका कळेवर एक अक्षर, म्हणून ते चपखल बसतं. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ४ वर रफार, ५ वर ज्ञ, ८ वर श्र येतो. युनिकोडच्या हिशेबात ज्ञ म्हणजे ज, हलन्त आणि ञ अशी तीन चिन्हं, आणि लँगमॅपला एका वेळी एकच कळतं. नेमक्या याच कळा विममध्ये सतत लागतात: ओळीचा शेवट, जुळणारा कंस, कर्सरखालच्या शब्दाचा शोध.

म्हणून मी कीमॅपच्या बाजूचा आहे. संगणकाचा कळफलक इंग्रजीच ठेवायचा आणि मजकूर लिहिताना विमनेच देवनागरी उमटवायची. एका कळेतून तीन चिन्हं काढणं त्याला जमतं. एस्केपनंतर आज्ञा जशाच्या तशा चालतात, आणि एफ दाबून अक्षर शोधताना ते अक्षर मराठीतच घेतलं जातं. ही सोय फार विचारपूर्वक केलेली आहे.

पण हा भार लिहिणाऱ्यावर का? विंडोजवर मराठी चालू असतानाही कंट्रोल-सीने नक्कल होते, कारण तिथे उमटणाऱ्या अक्षराऐवजी कळ पाहिली जाते. ब्राउझरही कळेची जागा आणि तिचं अक्षर वेगवेगळं कळवतो. फ्रेंच कळफलकावर अक्षरं रोमनच असतात, तिथे आज्ञा अक्षरावरून ओळखणं रास्त आहे. लिपीच वेगळी असेल तेव्हा संपादकाने जागेवरून ओळखावी, आणि तीही सेटिंग न शोधता, पहिल्या दिवसापासून. नवा संपादक बाहेर काढण्यापूर्वी तो इनस्क्रिप्टवर हात बसलेल्या एका माणसाला तासभर वापरायला द्यावा, एवढी माझी मागणी आहे.