फुकटच्या मुदतवाढीची किंमत

५ जानेवारी २०२५ रोजी ‘ड्रुपल ७’ची अधिकृत देखभाल थांबली. संकेतस्थळे उभारण्याची ही मुक्तस्रोत प्रणाली २०११ मध्ये आली आणि विद्यापीठांपासून छोट्या संस्थांपर्यंत अनेकांनी ती विनामूल्य स्वीकारली. तिची अखेर प्रथम नोव्हेंबर २०२१ मध्ये ठरली होती. महासाथीमुळे ती २०२२ वर गेली, मग २०२३ वर, आणि शेवटी २०२५ वर.

या दिरंगाईला सबळ कारण होते. २०१५ मध्ये आलेली आठवी आवृत्ती ही जुन्या घराची डागडुजी नव्हती, नवे बांधकाम होते. जुने संकेतस्थळ तिच्यावर नेणे म्हणजे ते जवळजवळ पुन्हा उभारणेच. ज्या संस्थेने एकदाच कसाबसा खर्च भागविला, तिला ‘बदला’ म्हणून सांगणे सोपे. पैसा कोठून आणावा, हे कोणी सांगत नाही.

मात्र मुदतवाढही फुकट नसते. सुरक्षेतील नव्या त्रुटी कोणीतरी शोधून बुजवाव्याच लागतात, आणि हा ‘कोणीतरी’ पुष्कळदा विनावेतन राबणारा स्वयंसेवक असतो. शिवाय ज्याने पदरचे पैसे घालून वेळेवर बदल केला, तो प्रत्येक मुदतवाढीगणिक मूर्ख ठरला. स्वस्थ बसलेल्याचे फावले. कर्जमाफीच्या वादात हा युक्तिवाद आपण ऐकलेला आहे.

‘सेंटओएस ८’ची गोष्ट याच्या उलट व अधिक गंभीर. २०२९ पर्यंत चालेल या भरवशावर लोकांनी ती आपल्या सर्व्हरवर बसविली. डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली की ती २०२१ अखेरच बंद होणार. तिच्यामागे उभ्या असलेल्या रेड हॅट कंपनीला हा व्यावसायिक निर्णय वाटला असेल. वापरणाऱ्यांच्या दृष्टीने तो वचनभंग होता.

माझ्या मते जाहीर तारीख कोणत्याही बाजूला हलवू नये. ज्याला अधिक वेळ हवा, त्याने तो विकत घ्यावा. हे कल्पनारंजन नव्हे. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे सर्वसाधारण देखभाल मिळते. पुढील देखभाल संस्थांना सशुल्क, तर व्यक्तिगत वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत विनामूल्य आहे. भार पेलण्याची कुवत पाहून आकारणी करण्याचा हा मार्ग अर्थशास्त्राला नवा नाही.

अडचण उरते ती आमच्यासारख्या महाविद्यालयांची. येथे अंदाजपत्रकात संगणकखरेदीचा रकाना असतो, प्रणालीच्या देखभालीचा नसतो. तो घालण्यास आडकाठी कोणती, हे शिक्षण खात्याने एकदा सांगावे.