विद्यापीठाचा संघ आणि गावाचे मैदान

अमेरिकेत एक चर्चा नेहमी रंगते : आता कोणते विद्यापीठ फुटबॉलचा नवा संघ उभारणार? तेथील फुटबॉल अंडाकृती चेंडूचा, आपल्या खेळाहून निराळा. १८६९ साली रटगर्स व प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत पहिला सामना झाला. आज मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात, आणि २०२५ पासून विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट मोबदला देण्याचीही मुभा मिळाली आहे. हे सारे वाचून आपल्या बेटावरही असे काही व्हावे, असे एखाद्या तरुणाला वाटले तर त्यात नवल नाही. परंतु आम्ही आज वाचकांचे लक्ष जर्मनीकडे वेधू इच्छितो.

चार वेळा विश्वचषक जिंकणाऱ्या त्या देशात हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तेथे फुटबॉल हा गावाच्या क्लबाचा खेळ आहे. असे क्लब वीस हजारांहून अधिक आहेत. विद्यार्थी अभ्यासाला विद्यापीठात जातो, आणि सामना खेळायला आपल्या क्लबात. विद्यापीठे खेळाकडे पाठ फिरवतात असे मात्र नाही. १९४८ साली स्थापन झालेली त्यांची एक क्रीडा संघटना आहे. ज्याला खेळायचे आहे त्या प्रत्येक विद्यार्थ्याला अल्प शुल्कात खेळता यावे, ही तेथील रीत. जुलै २०२५ मध्ये ऱ्हाईन-रूर भागात जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा त्यांत फुटबॉल नव्हताच; तरीही यजमानांचे काही अडले नाही.

मग जर्मन फुटबॉलला विद्यापीठाने दिले काय? त्याने शिकवणारे दिले. युद्धाने देश उद्ध्वस्त झालेला असताना १९४७ साली कोलोन येथे क्रीडा विद्यापीठ सुरू झाले आणि त्याच वर्षी सेप हेरबर्गर यांनी तेथे फुटबॉल प्रशिक्षकांचा वर्ग घेतला. सात वर्षांनी, १९५४ साली, याच हेरबर्गरांच्या संघाने बर्न येथे हंगेरीला ३-२ असे हरवून विश्वचषक जिंकला. जर्मन फुटबॉल संघटनेने १९५५ ते १९७० पर्यंत आपल्या क्लबांत स्त्रियांच्या फुटबॉलवर बंदी घातली होती. त्याच देशात १९८५ साली टीना टॉयने यांनी सर्वोच्च प्रशिक्षकपदाचा परवाना मिळविला. असा परवाना मिळविणाऱ्या त्या पहिल्या जर्मन महिला. २००३ साली त्यांच्या हाताखाली जर्मन मुलींनी विश्वचषक आणला. आपल्या लेकींना मैदानापासून दूर ठेवणाऱ्या पालकांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

आपल्या पूर्वजांच्या भूमीलाही हा मार्ग अपरिचित नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली, ऑलिंपिकच्या वेळी, बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखविले होते. १९१४ साली एका आखाड्यातून निघालेली ही संस्था पुढे व्यायामशिक्षक घडविणारी मोठी शाळा झाली.

आता आपल्या घराकडे पाहू. आपल्या बेटावर एके काळी फुटबॉल क्लब जातीधर्मावर उभे होते. २३ मे १९९९ रोजी स्काउट्स व फायर ब्रिगेड यांच्या सामन्यानंतर दंगल उसळली आणि पोर्ट लुईच्या आमिकाल येथे लावलेल्या आगीत सात निरपराध जीव गेले. त्यानंतर क्लब विभागवार बांधले गेले. ते आवश्यकच होते. पण जुना जिव्हाळा नव्या नावांना सहज चिकटला नाही, आणि आमची मुले शनिवारी-रविवारी ट्यूशनला जातात.

कोणी म्हणेल, जर्मनीत क्लब बळकट आहेत म्हणून तेथील विद्यापीठे निश्चिंत; आपले क्लब दुबळे, तेव्हा विद्यापीठानेच संघ उभारावा. या म्हणण्यात तथ्य आहे. विद्यापीठाच्या संघाला जात नसते, हा तर मोठाच लाभ. परंतु एका संघात वीस-पंचवीस मुलांनाच जागा. तेच विद्यापीठ वर्षाला वीस-पंचवीस जाणते प्रशिक्षक घडवील, तर कास्कावेलपासून वाक्वापर्यंत कितीतरी मैदाने जागी होतील, आणि पुढे विद्यापीठाच्या संघाला खेळाडूही तेथूनच मिळतील.

रेद्वीचे विद्यापीठ १९६५ पासून आहे. या शतकात त्याच्या जोडीला आणखी विद्यापीठे आली. यांपैकी जिला फुटबॉलसाठी काही करावयाचे असेल, तिने कोलोनचा कित्ता आधी गिरवावा, अशी आमची विनंती आहे. आणि आपल्या बैठका व मंडळ्यांनीही वाट पाहत बसू नये. ज्या बैठकीत संध्याकाळी मुले अक्षरे गिरवीत आली, तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेत आठवड्यातून एक दिवस चेंडू ठेवावा, आणि खेळायला शेजारच्या प्रत्येक समाजाच्या मुलामुलींना बोलवावे.